डबा रिकामा देत नाहीत

प्रवासाने माणसाचं मन विशाल होतं. कॉलिन्स साहेब युरोपची सहल करून सौदीत दम्मामला परतले तेव्हा हे सगळ्या ऑफिसला पटलं. मनाचं नक्की सांगता येत नव्हतं, पण पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं होतं.

शुक्रवारी संध्याकाळी साहेब आणि मार्थाबाई हेमचंद्रकडे जेवायला आले. घर म्हणजे कंपनीचा फ्लॅट. हेमचंद्रचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपत होतं आणि पुढे वाढवायचं की नाही हे साहेबांच्या हातात होतं. नाही वाढलं तर इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, रद्द, आणि लेकीची, स्वानंदीची दहावी अर्ध्यात टाकून सरळ नाशिक.

"आधी तोंड उघडू नका," बायको शालिनी सकाळपासून बजावत होती. "आलेल्या माणसाला पोटभर वाढायचं, मग काय ते मागायचं. पुरणपोळी खाल्ल्यावर कुणी नाही म्हणत नाही."

"अमेरिकन आहे गं तो."

"पोट आहे ना त्याला?"

पोट होतं. ते टेबलाला टेकवून साहेब फ्रान्समध्ये शिरले. "हेम, तिथे भर दुपारी दुकानं बंद! आम्ही दारात उभे, आणि मालक आत निवांत जेवतोय. काय जगतात लेकाचे!" हेच साहेब नमाजासाठी एखादं दुकान बंद दिसलं की गाडीच्या मागच्या सीटवरून शिव्या घालत, असं ड्रायव्हर मोहियुद्दीनने सगळ्यांना सांगितलं होतं.

"आणि पाण्यात बर्फ नाही," मार्थाबाई म्हणाल्या. "मागितला तर एकच खडा. इतकं गोड वाटलं मला ते!"

शालिनीने त्यांच्यासाठी मुद्दाम काढलेला बर्फाचा वाडगा मुकाट्याने फ्रिजमध्ये परत ठेवला.

दुसरी पोळी तुपात बुडाली तसा हेमचंद्र खाकरला. "सर, ते माझ्या कॉन्ट्रॅक्टचं..."

साहेबांनी तुपाची बोटं वर केली. "हेम! मार्था, इटलीत आपण काय शिकलो?"

"जेवताना कामाचं बोलायचं नाही," मार्थाबाई शाळेतल्या मुलीसारख्या म्हणाल्या. "असंस्कृत समजतात."

"येस सर," हेमचंद्र म्हणाला. शालिनीने तिसरी पोळी वाढली.

कॉफीला सगळे सोफ्यावर आले. आता टेबल संपलं, असा हेमचंद्रचा हिशेब. पण साहेबांनी पाय लांब केले. "स्पेनमध्ये जेवण झालं तरी कुणी उठत नाही. नुसत्या गप्पा. आज आपण स्पॅनिश!" म्हणजे सोफाही टेबलात धरला गेला.

कप ठेवायच्या निमित्ताने तो स्वयंपाकघरात गेला.

"विचारलंत?"

"आपण अजून स्पेनमध्ये आहोत."

"अहो, मग विचारणार कधी? गाडी सुटल्यावर?"

"बाबा, जस्ट आस्क हिम," दारातून स्वानंदी म्हणाली. "इट्स युअर जॉब."

"तू आत जा. अभ्यास कर. दहावी आहे."

तो बाहेर आला तेव्हा साहेब हॉलंडला पोचले होते. "मला सगळ्यात भावले ते डच लोक. वाईट बातमी असली ना, तर सरळ तोंडावर सांगतात. डोळ्यांत बघून. आपल्याला नाही जमत."

"नाही जमत, सर," हेमचंद्र म्हणाला आणि हसला. साहेब कपात बघत होते.

निघताना शालिनीने पोळ्यांचा स्टीलचा डबा मार्थाबाईंच्या हातात दिला.

"तुमची पण एखादी पद्धत सांग ना," मार्थाबाई म्हणाल्या. "मला अशा गोष्टी फार आवडतात."

शालिनीला घाईत दुसरं काही सुचेना. "आमच्यात कुणाचा डबा रिकामा परत देत नाहीत. चिमूटभर साखर का होईना, घालून देतात."

"हाऊ लव्हली!"

लिफ्ट आली. "सर, आता जेवण झालंय, म्हणून म्हटलं..." हेमचंद्रने घाईघाईने सुरुवात केली.

"रविवारी, हेम. ऑफिसात." साहेबांनी त्याचे खांदे धरले आणि युरोपात शिकून आल्याप्रमाणे त्याच्या दोन्ही गालांना गाल लावले. मग लिफ्टचं दार मिटलं.

रविवारी, तिथला आठवडा सुरू होताच, हेमचंद्रला बोलावलं ते एचआरने. साहेब मीटिंगमध्ये होते. कॉन्ट्रॅक्ट वाढवत नसल्याच्या पत्रावर त्यांची सही होती, युरोपला निघायच्या आदल्या दिवशीची. पत्र हळुवार भाषेत होतं.

संध्याकाळी तो घरी पोचला आणि पाठोपाठ मोहियुद्दीन डबा घेऊन आला. "साब ने भेजा है, भाभीजी." डबा घासून लख्ख केलेला. शालिनीने झाकण काढलं. आत आयफेल टॉवरचं मॅग्नेट होतं.

"बघा!" ती हरखली. "लक्षात ठेवलं त्यांनी. रिकामा नाही दिला. मी सांगते, तुमचं काम झालं." मॅग्नेट घेऊन ती फ्रिजकडे वळली. "स्वानंदी, इथे वर लावू की मध्यभागी?"

हेमचंद्र बुटांची नाडी सोडत होता.

"नको लावूस," तो म्हणाला. "फ्रिज कंपनीचा आहे."