तेओदुलोची सही

"चौऱ्याऐंशी हजार पेसो," कर्ज कंपनीच्या रेंतेरियासाहेबानं कागद वळवून तिच्यापुढे सरकवला. "एकरकमी भरत असाल तर साठावर आणतो. नाहीतर पुढच्या आठवड्यात घराच्या दाराला नोटीस."

"मी तीस आणलेत," दोन्या एर्लिंदा म्हणाली.

कागदाकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. आकडे तिला कळायचे, अक्षरं कशीबशी लागायची. पण परक्यासमोर ओळीवर बोट ठेवून वाचणारी ती नव्हे. निळ्या फुलांचा झगा चार महिन्यांनी अंगाला लागला होता. मांडीवर पिशवी, आणि पिशवीत चक्की विकल्याचे पैसे. एकवीस वर्षं तिनं आपिसाको गावातल्या आपल्या गल्लीत पहाटे उठून मका दळला. काल चक्की टेम्पोत चढली तेव्हा शेजारणी हळहळत दारात जमल्या, तर हिनं दार लावून घेतलं. रडायचंय तर आपापल्या घरी रडा. चक्की गेली तर गेली, घर राहिलं म्हणजे झालं.

"तीस म्हणजे चेष्टा झाली, दोन्या."

"चेष्टा तुमची, साहेब. घेतले पन्नास, फेडले चाळीस, आणि राहिले चौऱ्याऐंशी! असली कोंबडी मलाही द्या एखादी. एका अंड्यात गाव जेवेल."

पलीकडच्या टेबलावरची बाई फिसकन हसली. रेंतेरिया हसला नाही. त्यानं फाईल चाळली.

"मार्चपर्यंत दॉन तेओदुलोंनी एक हप्ता चुकवला नाही. मग काय झालं?"

"आडवे झाले."

"अजून तसेच?"

"तसेच."

"जेवतात का काही?"

"पुढ्यात ठेवते. तसंच राहतं."

रेंतेरियानं च्‌च्‌ केलं. ते तिला डासासारखं चावलं. घरातलं या लोकांपुढे उघडं करायचं नाही, हे ती शेजारच्या चोनाच्या दारात शिकली होती. चोनाचा नवरा गेला, तिनं वसुलीवाल्यांपुढे गळा काढला, आणि नऊ दिवसांच्या प्रार्थना संपायच्या आत त्यांनी फ्रिज उचलून नेला. एकटी बाई दिसली की चौकटीसकट दार नेतात मेले.

"आणि हे काय?" तिनं एका आकड्यावर नख टेकवलं. "दर हप्त्याला बावीस पेसो. तुमच्या कॉफीचे?"

"विम्याचे. सगळ्यांनाच लागतात."

"नाव बदललं म्हणून चोरी धुतली जात नाही. तेही वजा करा."

"ते आता गेले, दोन्या."

"तुमच्याकडे आलेलं सगळं गेलेलंच असतं."

पन्नास झाले, बेचाळीस झाले. दोनदा ती उठून दारापर्यंत गेली, दोनदा त्यानं परत बोलावली. अडतीसवर तो बराच वेळ अडून बसला. शेवटी त्यानं पेन टाकलं.

"चौतीस. याखाली गेलो तर माझी नोकरी जाईल."

तिच्याकडे चौतीसच होते. तीस पिशवीत, चार झग्याच्या गळ्यात. तिनं टेबलावर थप्पी अशी ठेवली, जणू घरी आणखी आहेत.

त्यानं फॉर्म ओढला. "पत्ता तोच?"

"तोच."

"फोन?"

"तोच."

"कर्जदार हयात?"

"तुझ्या तोंडात माती पडो!"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं.

"अहो, छापलेलंच आहे, दोन्या! मी काय करू? प्रत्येकाला विचारावं लागतं."

"मग लिही काय लिहायचं ते."

त्यानं लिहिलं. खाली तिनं आपलं नाव काढलं, एकेक अक्षर चक्कीच्या दगडासारखं जड. त्यानं दोन शिक्के मारले, एक पावती तिला दिली आणि दुसरा कागद घडी घालून वर ठेवला.

"यावर दॉन तेओदुलोंची सही तेवढी आणा. उद्या चालेल. मिटलं तुमचं."

एर्लिंदानं पदरासारखी शाल सावरली. चौऱ्याऐंशीचे चौतीस! जन्मात कुणाला सौद्यात हरली नव्हती ती, आजही नाही. मान ताठ करून ती उठली.

"आणि काळजी घ्या त्यांची," रेंतेरिया मनापासून म्हणाला. सौदा संपल्यावर माणूस चांगला वाटत होता. "त्या बावीस पेसोंवरून मला चोर म्हणालात. पण मागच्याच महिन्यात एका बाईचा नवरा गेला. मृत्यूचा दाखला आणला तिनं, आणि विम्यानं नव्वद हजारांचं कर्ज एका दिवसात पुसलं. एक पेसो भरावा लागला नाही. तुमचे आहेत म्हणून तुम्हाला भरावे लागले. देवाची कृपाच म्हणायची."

"हो," एर्लिंदा म्हणाली. "कृपाच."

बसमध्ये जागा होती तरी ती उभीच राहिली. आपल्या गल्लीच्या एक थांबा आधी, लोखंडी फाटकापाशी उतरली. क्रूसांच्या तिसऱ्या रांगेत शेवटच्या ढिगाऱ्यावर मार्चमधली झेंडूची फुलं वाळून गवत झाली होती. तिनं ती हातानं बाजूला सारली, मातीवर कागद पसरला आणि वर पेन ठेवलं.

"घे, तेओदुलो. कर सही."