ओलं वार्निश

होडी बघायला गिऱ्हाईक येणार म्हणून टोर्केलनं सकाळी उठल्या उठल्या धक्क्यावर ओढून ठेवलेल्या होडीवर वार्निशचा हात फिरवला.

बोर्गहिल्डनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून ते पाहिलं आणि कपाळाला हात लावला. गेल्या वर्षी ओस्लोचा तो दाताचा डॉक्टर आला तेव्हाही नवऱ्यानं हेच केलं होतं, आणि त्याआधी शाळामास्तर आला तेव्हाही हेच. "हात लावू नका, ओलं आहे," असं म्हटलं की माणूस लांबूनच बघणार, कॉफी पिणार, आणि "बरं, कळवतो" म्हणून जाणार. परत कोण येतंय!

पण यंदा तिनं मनाशी पक्कं केलं होतं. पानगळीच्या दिवसांत हा बाबा एकटाच जाळी ओढायला गेला आणि तोल जाऊन फिओर्डाच्या खाडीत पडला. शेजाऱ्यानं पाहिलं म्हणून वाचला. ऐंशीच्या घरातलं हृदय त्या गार पाण्यात पुन्हा टिकणार नाही, असं दवाखान्यातल्या डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं. आणि होडी दारात असेपर्यंत हा जाणार, हे तर लहान पोरानंही सांगितलं असतं.

"सवतीला नटवून झालं का?" ती धक्क्यावर येत ओरडली.

"ऊन चांगलं पडलंय. म्हटलं, एक हात देऊन टाकू."

"पाइन फुललेत समोरच्या बेटावर, आणि तू ब्रश घेऊन बसलायस? चळ लागलाय का तुला?"

टोर्केल ब्रश फिरवतच राहिला. पाइन फुलले की पिवळी धूळ उडते, ओल्या वार्निशवर बसते, आणि सगळी मेहनत पाण्यात जाते. या दिवसांत अख्खा किनारा वार्निशच्या डब्यांची झाकणं बंद ठेवतो. ज्यांनी ठेवली नाहीत त्यांना याच टोर्केलनं आजवर शिव्या घातल्या होत्या.

तेवढ्यात गिऱ्हाईक आलंच. मारेन तिचं नाव, फेरीबोटीवर नोकरी करणारी तिशीतली बाई. तिनं होडी पाहिली आणि जागीच थांबली. "अगं बाई!" एवढंच म्हणाली. मग दोन्ही हात पाठीमागे बांधून होडीभोवती सावकाश फिरली. मधाच्या रंगाचं ते लाकूड उन्हात असं काही चमकत होतं की बोर्गहिल्डलाही घटकाभर सवतीचा अभिमान वाटला.

"हात लावू नका हं, ओलं—"

"दिसतंय की. कधी वाळेल?"

"उद्या. परवा. काही सांगता येत नाही."

"मग थांबते मी," मारेन म्हणाली आणि माशांच्या पालथ्या खोक्यावर मांडी घालून बसली.

टोर्केलची पंचाईत झाली. मग तो होडीची उणीदुणी काढायला लागला. इंजिन थंडीत रुसतं, सुकाणू कुरकुरतं, मागची एक फळीसुद्धा बदललेली आहे.

"कुठली?" मारेननं वाकून पाहिलं. "कळत नाही."

"कशी कळेल? कळू नये म्हणून दोन हिवाळे घासतोय मी तिला!" तो तोऱ्यात म्हणाला, आणि मग जीभ चावली. बोर्गहिल्डनं हसू लपवायला तोंड फिरवलं.

तोंड फिरवलं म्हणूनच तिला ते दिसलं. बेटावरून पिवळा ढग उठला होता आणि वारा इकडेच वाहत होता.

"टोर्केल! आलं बघ!"

त्यानं ताडपत्री ओढली. पण एकट्यानं ती होडीवर धरणार कशी, लाकडाला न टेकवता? तो काही म्हणायच्या आत मारेननं धावत जाऊन दुसरं टोक पकडलं आणि डोक्याच्या वर उचललं. "मध्ये झोळ पडतोय! काकू, वल्हं लावा!" बोर्गहिल्डनं धक्क्यावरचं वल्हं उचललं आणि ताडपत्रीला मधून टेकू दिला.

तिघं तशीच उभी राहिली. वारा थांबेना. मारेनचे केस पिवळे झाले, पापण्या पिवळ्या झाल्या, दंड थरथरायला लागले, पण ताडपत्री बोटभरही खाली आली नाही. टोर्केल पलीकडून तिच्याकडे बघत होता.

"पोरी, हात भरून आले असतील. सोड."

"सोडते कशी? एवढं सुंदर काम आहे तुमचं."

त्यानं आपलं टोक आणखी वर उचललं. मग त्यानं विचारलं, "हिवाळ्यात कुठं ठेवशील हिला?"

असा प्रश्न त्यानं आजवर एकाही गिऱ्हाइकाला विचारला नव्हता. होडी विकली गेली, हे बोर्गहिल्डला तेव्हाच कळलं. वल्हं हातात नसतं तर तिनं टाळ्याच वाजवल्या असत्या.

वार्निश वाळलं. होडी पाण्यात उतरवली, सुकलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या, फटींतून झिरपणं थांबलं. मग एका सकाळी मारेन येऊन तिला घेऊन गेली. दोर टोर्केलनं स्वतःच्या हातानं सोडला.

"रडू नाही आलं तुला?" बोर्गहिल्डनं विचारलं.

"कशाला? चांगल्या घरी पडली." आणि तो खरंच मजेत होता. दुपारी पोटभर जेवला, पेपर घेऊन कोचावर आडवा झाला. बोर्गहिल्डलाही कित्येक महिन्यांनी निवांत वाटलं. ती विणकाम घेऊन त्याच्या शेजारीच बसली.

दुसऱ्या दिवशीही तसंच; संध्याकाळचं जेवणसुद्धा लवकरच उरकलं. संध्याकाळी मारेन मासे धरून परत निघाली. तिच्या गावाचा रस्ता यांच्या धक्क्यावरूनच जायचा. फिओर्डाच्या तोंडाशी ओळखीचं इंजिन वाजायला लागलं, टक्, टक्, टक्. बोर्गहिल्डनं विणकाम खाली ठेवलं, उठली, पातेल्यात पाणी घेतलं, बटाटे टाकले आणि शेगडी लावली.

टोर्केलनं कोचावरून मान वर केली. "अगं, आत्ताच तर जेवलो ना आपण?"

आवाज धक्क्याजवळ आला, पुढे गेला आणि लांब लांब होत गेला. बोर्गहिल्ड हातात झाकण घेऊन तशीच उभी होती.

"मला वाटलं," ती म्हणाली, "तू आलास."