अकराव्या मिनिटाला

तलासरीजवळच्या हायवे हॉटेलातला फास्ट चार्जर, कोणतीही गाडी लावा, बरोबर अकराव्या मिनिटाला बंद पडायचा. कंपनीचे तीन जण येऊन केबल आणि गाडीत खुपसायची गन बदलून गेले. चौथी आली रविना. तिने एक गाडी चार्जिंगला लावायला सांगितली आणि चार्जरच्या पत्र्यावर तळहात ठेवून नुसती उभी राहिली. आठव्या मिनिटाला हात भाजायला लागला.

"तापतोय. हवा कुठे अडकतेय?"

वीज बंद करून तिने मागची जाळी काढली. कुंभारीण माशीने मातीची घरं बांधून आतली सगळी भोकं बुजवली होती. रविनाने स्क्रूड्रायव्हर उचलला.

"फोडू नको गं बाय," अंगण झाडणारी बायजी म्हणाली. "कुंभारणीनं घर केलं की तिथं कोणाला तरी दिवस गेलेले असतात."

मॅनेजर खो खो हसला. "इथे? इथे आम्ही सगळे पुरुषच!"

रविना हसली नाही. पातळ पातं सरकवून तिने ती माती अख्खी सोडवली आणि बायजीच्या ओंजळीत दिली. बायजीने ती शेडच्या वाशाला नीट टेकवून ठेवली.

जाळी परत बसली, वीज सुरू करून गाडी पुन्हा लावली. बारावं मिनिट उलटलं, विसावंही. सगळे स्क्रीनपाशी जमले. रविना हत्यारांची पेटी उचलायला वाकली, तर बायजीने ती आधीच उचलली होती.

"तिसरा लागला ना?"

रविनाने आधी मॅनेजरकडे पाहिलं. "हळू बोला, मावशी. कंपनीला कळलं तर उद्यापासून ऑफिसात बसवतील मला."