खांद्यावरचा हात

चौऱ्याहत्तर साली सोलापुरातल्या एका जुन्या सावकारी बंगल्याचं संग्रहालय अण्णाराव गुरुजी सांभाळत. त्या रविवारी बागेत मुलांची चित्रकलेची स्पर्धा होती आणि चित्र काढण्यासाठी गुरुजी स्वतःच मुलांसमोर बाकावर बसले होते.

चित्रं पाहताच त्यांच्या कपाळाला आठी पडली. प्रत्येक चित्रात त्यांच्या खांद्यावर हिरव्या बांगड्या भरलेला एक हात होता.

"गुरम्मा, ही खोडी तुझीच. बाकीच्यांनी तुझं बघून काढलं."

"न्हाय गुरुजी, दिसलं तेच काढलं की!"

"बघतो. खोटं निघालं तर तुझं नाव स्पर्धेतून कमी करीन, पोरी."

गुरम्मा रडकुंडीला आली. गुरुजींनी मुलांना बागेत लांब लांब बसवून पुन्हा चित्रं काढायला लावली. हात पुन्हा आलाच. मूल ज्या बाजूला बसलं होतं, त्या बाजूनं दिसेल तसा तो बिनचूक काढलेला होता.

गुरुजींनी वळून पाहिलं. मागे नुसतं मेंदीचं कुंपण होतं. तरी संशय जाईना. त्यांनी गुरम्माला एकटीलाच समोर बसवलं.

"आता माझ्यादेखत काढ."

तिनं पेन्सिल उचलली आणि तशीच धरून ठेवली.

"थांबलीस का?"

"गुरुजी, त्या बाईस्नी हात बाजूला घ्यायला सांगा की," ती म्हणाली. "तुमचा गळा दिसंना झालाय."