आतून न उघडणारं गेट

सरकतं गेट बाबांनी स्वतःच्या हाताने उघडून दाखवलं आणि मान हलवली.

"नको."

विक्रेता बघतच राहिला. रिमोटशिवाय हे हलणार नाही असं त्याने आत्ताच छातीठोकपणे सांगितलं होतं. बाबांनी मोटारीखाली हात घातला, चाचपून एक खिटी शोधली, फिरवली आणि एवढं मोठं लोखंडी धूड एका हाताने बाजूला ढकललं.

"ती खिटी वीज गेल्यावर वापरायची असते, काका. कुणाला सापडत नाही हो ती!"

"मला सापडली."

मुलगा आणि सून हसले. बाबांनी चाळीस वर्षं लोकांची अडकलेली कुलपं उघडली होती, म्हणून तर गेट निवडायला दोघांनी त्यांना मुद्दाम सोबत आणलं होतं. दुकानामागच्या अंगणात पाच-सहा गेटं नुसतीच उभी होती, आजूबाजूला भिंत नाही. वळसा घालून कुणालाही पलीकडे जाता आलं असतं, पण चौघेही शहाण्यासारखे गेटातूनच ये-जा करत होते.

दुसरं दोन फळ्यांचं होतं. आतल्या बाजूला खांबावर तळहाताएवढं हिरवं बटण. "हे खास वयस्कर माणसांसाठी," विक्रेता म्हणाला. "डोळ्यांना कमी दिसत असलं तरी सापडतं. दाबलं की काम झालं."

बाबांनी दाबलं. काम झालं. बाबांचा चेहरा आणखीच पडला.

"हेही नको."

"बाबा, अहो इतकं सोपं आहे," सून म्हणाली. "तुम्हाला ते जड गेट ओढायला लागू नये म्हणून तर हा सगळा खटाटोप."

"म्हणूनच नको."

आता मुलगा वैतागला. सकाळपासून तिसरं दुकान होतं हे. कुलूपवाल्या माणसाला गेट दाखवायला आणणं म्हणजे आचाऱ्याला जेवायला बोलावण्यासारखंच, असं काहीतरी तो बायकोच्या कानात पुटपुटला. तिने त्याला डोळ्यांनीच गप्प केलं.

विक्रेत्याने मात्र हार मानली नव्हती. त्याने त्यांना कोपऱ्यातल्या गेटापाशी नेलं. बाहेर कीपॅड, आतही कीपॅड. वीज गेल्यावरची खिटी पोलादी पेटीत, पेटीला किल्ली. "कोड माहीत नसेल तर बाहेरून सोडा, आतूनही उघडत नाही," त्याने छाती फुगवली. "कुणाच्या बापाला उघडता येणार नाही, काका!"

बाबा खाली बसले. पेटीवरून बोटं फिरवली, बिजागऱ्या पाहिल्या, फटीत नख घालून पाहिलं. पाच मिनिटं गेली. मग गुडघ्यावर हात टेकून उठले तेव्हा त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा उजळला होता.

"कुणाच्या बापाचं मला काय करायचंय," ते म्हणाले. "मला याच्या बापाची भीती आहे."

त्यांनी मुलाकडे बोट दाखवलं. विक्रेता हसायला गेला, पण दुसरं कुणी हसेना तसा थांबला.

"परवा मी छोटीला घेऊन पाव आणायला गेलो होतो ना," बाबा म्हणाले. "तेव्हा मोठ्या रस्त्याच्या मध्यावर उभा राहिलो. कुठून आलो, कुठे चाललो, काही कळेना. गाड्या हॉर्न मारत होत्या. माझ्या हातात एक पोरगी होती. कुणाची, तेही कळेना."

सुनेने तोंडावर हात दाबला. लेक परवा आनंदात घरी आली होती, आज आजोबांना मी वाट दाखवली म्हणून सांगत होती, आणि आपण तिला शाबासकी दिली होती.

"मी तिचा हात सोडला होता," बाबा म्हणाले. "परक्याची मुलगी म्हणून. तिनेच परत धरला."

"आम्हाला सांगितलं का नाही?" मुलाचा आवाज फाटला.

"सांगायला लाज वाटली. दोन दिवस तेच घोकतोय." ते गेटाकडे वळले. "आता हे बसवा. कोड मला सांगू नका. पेटीची किल्ली तुमच्याजवळ ठेवा."

"तुम्हाला कोंडून ठेवायचं, बाबा? आम्ही?" सून रडायला लागली होती.

"तुम्ही कुठे कोंडताय, बाळा? मीच लावतोय कुलूप. तुमच्यापैकी एकजण घरी असतोच. ज्याला वेळ असेल त्याने मला फिरवून आणा. मी कोड मागेन, शिव्या घालेन, कदाचित हातही उचलेन. द्यायचा नाही."

कालपर्यंत बाबांनी साधा चष्मा शोधायला सांगितला तरी आपण कुरकुरत होतो, हे मुलाला आठवलं आणि त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

विक्रेत्याने घसा खाकरला. तोही हादरला होता, पण काम सुटत नव्हतं. "हाच संच उद्या तुमच्याकडे बसवतो, साहेब. कोड आत्ताच घातलात तर बरं. चार आकडे."

मुलगा कीपॅडपाशी गेला. बाबा न सांगताच पाठ करून उभे राहिले, वर डोळेही मिटून घेतले. मुलाच्या डोक्यात एकही आकडा येईना. शेवटी हाताच्या सवयीने त्याने पहिले दोन दाबले.

"आणि हे बघ," बाबा पाठमोरेच म्हणाले, "तुझी जन्मतारीख घालू नकोस. ती मी विसरणार नाही."