तालमीतला पेशंट

साथ आली तर दवाखाना कसा सांभाळायचा, याची तालीम सेनगावकडच्या त्या सरकारी दवाखान्यात दरसाल व्हायची आणि दरसाल मिना सिस्टरचं डोकं फिरायचं.

यंदाही ऑक्सिजनचा सिलिंडर रिकामाच होता. भरून आणा म्हणून ती कधीची बोंबलत होती. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, "फोटोत सिलिंडर रिकामा दिसतो का?" मग शिपाई देविदासला पेशंट म्हणून खाटेवर निजवलं, मास्क लावला आणि फोटो काढले.

मिना दात-ओठ खात बघत राहिली. कोरोनात याच खाटेवर तिचा बाप गेला होता. तेव्हाही सिलिंडर असाच संपलेला, आणि म्हाताऱ्यानं मास्क दोन्ही हातांनी गच्च धरलेला.

चहा आला. देविदास मास्क उशीवर टाकून बाहेर गेला.

तेवढ्यात सिलिंडरला लावलेल्या बाटलीतलं पाणी बुडबुडू लागलं.

"बंद करा ते," साहेब म्हणाले.

"चालू कुठं हाय, साहेब? काटा शून्यावर हाय," मिना म्हणाली.

उशीवरच्या मास्कला आतून वाफ धरली. विरली. पुन्हा धरली.

साहेबांनी कप खाली ठेवला. "सिस्टर, तो मास्क काढा आधी."

"मी काहून काढू? तालीम तुमची हाय. तुमीच काढा."

साहेबांनी चिडून मास्क ओढला. तो जागचा हलेना. त्यांनी आणखी जोर लावला, तशी आतली वाफ भराभर धरू-विरू लागली.