शेवटच्या पानावरची मुंगी

मुलांच्या मासिकातलं शेवटचं चित्र एकवीस वर्षं मीच काढत आले आणि प्रत्येक चित्रात एक मुंगी लपवत आले. सापडली की मुलं पत्रं पाठवायची. आज संपादकांचा फोन आला. “ताई, पुढच्या अंकापासून चित्रं कॉम्प्युटरच काढणार. मुंगी मात्र चालू ठेवतोय हं, मुलांना सवय आहे.” मटार सोलणाऱ्या सासूबाईंनी कान टवकारले. मी म्हटलं, “पान तुमचं, ते घ्या. मुंगी माझी, ती मिळणार नाही.” “अहो, एवढीशी तर मुंगी!” “एवढीशी आहे म्हणूनच बरोबर नेता येते.” मी फोन ठेवला. सासूबाई म्हणाल्या, “बाणेदारपणा झाला. आता मुंगी राहणार कुठे?” “माझ्या पुस्तकात.” “कुठलं पुस्तक गं?” मी मटार सरकवून टेबलावर कोरा कागद पसरला. “आई, चष्मा पुसून ठेवा. संध्याकाळी पहिली मुंगी तुम्हाला शोधायचीय.”